पुळणीतली वाडी आणि लेंडीखत
अलिबागजवळची आमची वाडी समुद्राला लागून. माती म्हणजे निव्वळ पुळण, समुद्रकाठची वाळू. शिंपलेलं पाणी डोळ्यांदेखत खाली जातं, सोबत युरियाही. कापण्या आटोपून घाटावरचे धनगर उतरले की मी भाजीच्या तुकड्यात रात्रभर मेंढ्या बसवून घेते. लेंड्या तर मिळतातच, पण खरी कमाई मुताची: नत्र (नायट्रोजन) आणि पालाश (पोटॅश) दोन्ही. सकाळी कळप हलला की लगेच नांगर फिरवायचा, नाहीतर उन्हात नत्राचा अमोनिया होऊन उडून जातो. माडांच्या आळ्यात मात्र चांगलं कुजलेलं शेणखतच, वर सोडणांचं, म्हणजे नारळाच्या सालींचं, आच्छादन. वाळूत सेंद्रिय अंश टिकत नाही, म्हणून हे दरवर्षी करावंच लागतं. परवा आळं उकरलं, तर मुठीत दाबलेली माती चक्क गोळा धरून राहिली. गांडुळंही निघाली. इतका आनंद झाला मला!