उडवा की जरा!

भिगवणच्या पक्ष्यांवर लिहिणाऱ्यांना तोटा नाही. पहाटे किती वाजता निघावं, चहाला कुठे थांबावं, कोणती लेन्स घ्यावी, हे सगळं कोणी ना कोणी लिहून ठेवलेलं आहे, तेव्हा ते मी टाळते. पुणे-सोलापूर रस्त्याने शंभरेक किलोमीटर गेलं की भिगवण, त्याच्या पुढे कुंभारगावचा फाटा, एवढं पुरे. मला सांगायचंय ते आमच्या नावेतल्या एका साहेबांबद्दल. परत येऊन बरेच दिवस झाले, तिथले कपडे धुऊन, वाळून कपाटात गेले, पण त्यांच्यावरचा राग काही उतरत नाही.

आम्ही दोघी होतो, मी आणि मावशी. मावशी निवृत्त शिक्षिका. तिच्याकडे कॅमेरा नाही आणि तिला तो नकोही आहे. आठ बाय बेचाळीसची दुर्बीण, दोरीने बांधलेली वही आणि कानटोपी, एवढा तिचा सरंजाम. माझ्याकडे दीडशे-सहाशेची झूम लेन्स आहे आणि बाकीच्यांची आयुधं बघेपर्यंत मला ती चांगलीच मोठी वाटायची. नाव सहा जणांची. दोघींसाठी आख्खी घ्यायची तर महाग पडते, म्हणून फोटोग्राफरांच्या एका ग्रुपमधल्या चौघांबरोबर वाटून घेतली. साहेब त्यातलेच. त्यांच्या मांडीवर दहा-बारा लाखांची प्राइम (म्हणजे झूम नसलेली) लेन्स होती, आणि तिच्यावरून हात फिरवत ते नाववाल्या दादांशी दोनशे रुपयांवरून हुज्जत घालत होते. तांबडं फुटून गेलं तरी आमची नाव काठालाच. शेवटी दादांनीच दोनशे सोडले.

भिगवणला नवखा माणूस जातो तो 'पक्षी अभयारण्य' अशी काहीतरी कमान शोधत. हा खरं तर उजनी धरणाचा फुगवटा. भीमेवरचं हे धरण १९८० मध्ये पूर्ण झालं आणि काठची गावंच्या गावं पाण्याखाली गेली. पळसदेवचं जुनं देऊळ अजूनही पाणी ओसरलं की उन्हाळ्यात वर येतं. दादांच्या आजोबांची जमीनही याच पाण्याखाली आहे. बाप मासेमारीकडे वळला आणि दादा आता सकाळी पक्षी दाखवतात, रात्री जाळी टाकतात. सोलापूरकर उजनीला ओळखतात ते टक्केवारीतून. पावसाळ्यात धरण शंभराच्या वर गेलं की बातमी, उन्हाळ्यात 'मायनस'मध्ये गेलं की मोठी बातमी. एकूण साठा ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा, म्हणजे शून्य टक्क्यांच्या खालचं पाणी. माणसांना धरण भरलेलं हवं असतं. रोहितांना, म्हणजे फ्लेमिंगोंना, मात्र पाणी उतरलेलं बरं, कारण त्यांना पाय टेकतील असं उथळ पाणी आणि खाली मऊ चिखल लागतो. पाऊस दणकून झालेल्या वर्षी लोक डिसेंबरात येतात, काठोकाठ पाणी बघतात आणि हात हलवत परत जातात.

पाण्याबद्दल आणखी एक, कारण त्याचे फोटो कोणी टाकत नाही. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी नद्यांमधून भीमेत उतरतं आणि भीमेतून इथे येऊन साठतं. पाण्यावर हिरवट तवंग असतो आणि वारा पडला की वास येतो. पुण्याच्या माणसाने इथे येऊन "काय शुद्ध हवा आहे!" म्हणावं, यासारखा विनोद नाही, आणि तो नावेत दोनदा झाला.

निघाल्यावर पहिला अर्धा तास सुरेख गेला. शेकाट्या आपल्या काड्यांसारख्या गुलाबी पायांवर चालत होत्या, थापट्या बदकं चोच पाण्याला लावून गोल गोल फिरत होती, डोक्यावरून नदी सुरय ओरडत गेले. मग एका चिखलाच्या पट्ट्यावर पट्टकादंब बसलेले दिसले, शंभरच्या आसपास तरी असतील. पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे. हे पक्षी तिबेट-मंगोलियाकडून हिमालय ओलांडून आपल्याकडे हिवाळ्याला येतात. विरळ हवेतही प्राणवायू पकडून ठेवील असं त्यांचं रक्त असतं. मावशी दुर्बीण लावून बसली ती हलेचना. साहेब म्हणाले, "बदकंच आहेत हो ही. चला पुढे, फ्लेमिंगो कुठायत?"

मावशीने दुर्बीण खाली घेतली, साहेबांकडे एकदा बघितलं आणि वहीत काहीतरी लिहिलं. ते पक्ष्यांबद्दल नसावं असा माझा अंदाज आहे.

रोहितांचा थवा दिसला तेव्हा दादांनी बऱ्याच लांबून इंजिन बंद केलं आणि बांबू रेटत नाव पुढे घेतली. हे दादांचं मला फार आवडलं. नाव जाग्यावर आली तशी त्यांनी बांबू चिखलात रोवला आणि तिला धरून ठेवलं. समोर दोन-अडीचशे पक्षी, जवळपास सगळ्यांची डोकी पाण्यात. मी कुजबुजत विचारलं, "अजून थोडं जवळ?" दादा म्हणाले, "नको ताई. माना खाली हायत तवर ठीक. माना वर काढल्या की समजायचं, आपुन लई जवळ आलो."

पक्ष्यांपासून किती अंतर ठेवावं यावर मी बरंच वाचलंय, मीटरांत दिलेले आकडेही पाहिलेत, पण यापेक्षा सोपा नियम कुठे मिळाला नाही. अस्वस्थ झाले की रोहित आधी खाणं थांबवतात, मग माना ताठ होतात, मग सगळा थवा एका दिशेने भराभर चालायला लागतो. उडणं ही शेवटची पायरी. आधीच्या तिन्ही पायऱ्या ज्याला दिसतात त्याला चौथीपर्यंत जावं लागत नाही.

साहेबांना चौथीच हवी होती. पाच मिनिटं झाली असतील नसतील, ते म्हणाले, "दादा, असे उभ्याचे फोटो सगळ्यांकडेच आहेत. उडवा की जरा."

दादा हसले, काही बोलले नाहीत. साहेबांनी पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा आवाज वाढवून म्हटलं, "अहो, नुसतं इंजिन चालू करा, बाकी ते बघून घेतील." त्यांच्या सोबत्यांनी कॅमेऱ्यांच्या चकत्या फिरवल्या. शटर सेकंदाच्या दोन हजाराव्या भागावर, बर्स्ट चालू, म्हणजे एका दाबात धडाधड फोटो. म्हणजे बेत आधीच ठरलेला होता.

मावशी म्हणाली, "अहो, ते जेवतायत."

"मॅडम, आम्ही पैसे भरलेत."

"त्यांना भरलेत का?"

एवढ्यावर प्रकरण थांबलं असतं असं मला वाटतं, पण त्याच वेळी डावीकडून दुसरी नाव आली, इंजिन भरधाव सोडलेलं, पुढे एक मुलगा उभा राहून मोबाइलवर व्हिडिओ घेतोय. ती थव्याच्या सरळ रोखाने गेली. माना वर झाल्या. थवा चालायला लागला. मग पहिल्या रांगेने पाण्यावरून धाव घेतली, कारण एवढ्या उंच पक्ष्याला जागेवरून उठता येत नाही, पंख मारत दहा-पंधरा पावलं पळावं लागतं, आणि त्यांच्यामागून सगळा थवा उठला.

दिसायला ते भयंकर सुंदर असतं, हीच पंचाईत आहे. उभा असताना पांढुरका वाटणारा पक्षी पंख उघडतो आणि आतून लालभडक निघतो, कडेला काळी किनार, मान पुढे ताणलेली, पाय मागे. शेकडो पंख एकदम. आमच्या नावेत शटरांचा तडतडाट झाला. साहेब "वा, वा, वा" करत होते. मावशी सोडून कोणीच मान फिरवली नाही, मीही नाही.

थवा अर्ध्या किलोमीटरवर जाऊन उतरला, माशांच्या जाळ्यांपलीकडे. दादा म्हणाले, तिकडे पाणी खोल आहे, त्यांना तिथे नीट खाता येत नाही, तासाभराने हळूहळू परत येतील. मग दुसऱ्या फेरीच्या नावा येतील. शनिवार-रविवारी सकाळी किती फेऱ्या होतात ते विचारायचं माझ्या जिभेवर आलं होतं, पण विचारलं नाही. दर उड्डाणात पक्षी ताकद खर्च करतो आणि खाण्याचा वेळ गमावतो. भारतातले रोहित विणीसाठी कच्छच्या रणात जमतात. हिवाळाभर इथे पोट भरून घ्यायचं ते पुढच्या त्या खटाटोपासाठीच. आणि ज्यांना पोटातलं काही समजत नाही त्यांच्यासाठी १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. त्यातल्या शिकारीच्या व्याख्येत प्राण्याला हाकून नेणंही येतं. नावेत बसून हे बोलायला गेलं की लोक आपल्याकडे चमत्कारिक नजरेने बघतात.

काठाला उतरल्यावर साहेबांनी खिशातून दोनशेची नोट काढली आणि दादांच्या हातात ठेवली. "शॉट मिळाला," म्हणाले. सकाळी हुज्जत घालून वाचवलेले तेच दोनशे. दुसऱ्या नावेने दिलेल्या शॉटबद्दल दादांना बक्षीस! दादांनी घेतले. का घेऊ नयेत? नंतर आम्ही त्यांच्याच घरी जेवलो, ज्वारीची भाकरी आणि तळलेली चिलापी, आणि इथल्या पाहुणचाराबद्दल माझी एकच तक्रार आहे की तिसऱ्या भाकरीला नाही म्हणता येत नाही. जेवताना दादा सांगत होते, पक्षी हुसकायचा नाही हे गावातल्या नाववाल्यांना बाहेरच्या माणसापेक्षा जास्त कळतं, कारण पक्षी गेला तर धंदा गेला. पण उडालेला फोटो एकाने टाकला की तो बघून दहा जण येतात, आणि दहाही जणांना तसाच हवा असतो. "न्हाई म्हणलं तर म्होरल्या वेळी दुसरी नाव घेत्यात."

त्यामुळे माझा राग नाववाल्यांवर नाही. पक्षी-छायाचित्रणात आपण कौतुक कशाचं करतो, यावर आहे. शांत बसलेल्या पक्ष्याच्या फोटोला 'रेकॉर्ड शॉट', म्हणजे नुसता नोंदीपुरता, म्हणून बाजूला सारायचं आणि पंख उघडले की टाळ्या. पक्षी स्वतःहून उडालेला आणि उडवलेला, हा फरक फोटोत बऱ्याचदा दिसतो. सगळा थवा कॅमेऱ्याकडे पाठ करून पळत असेल तर समजावं. स्पर्धांच्या परीक्षकांनी पाठीचे फोटो बाजूला ठेवायला सुरुवात केली तरी खूप होईल.

दुपारी कडबनवाडीच्या माळावर गेलो, चिंकारा हरणं दिसली, माळावरचा धाविक पक्षी दिसला, खूप ऊन लागलं.

दुसऱ्या दिवशी मावशीने आख्खी नाव घेतली, पैसे तिने दिले आणि मला बोलू दिलं नाही. धुकं होतं, थंडी मी मी म्हणत होती, पहिला अर्धा तास समोरचा बांबूसुद्धा धड दिसेना. मग धुकं विरलं तसा थवा हळूहळू उमटत गेला. दादांनी नाव सूर्याकडे पाठ करून लावली, इंजिन केव्हाच बंद, आणि आम्ही नुसतं बसलो.

रोहित जेवताना बघायचा तर वेळ द्यावा लागतो. आधी तो पायांनी जागच्या जागी चिखल तुडवतो, स्वतःभोवती फिरतो. मग मान खाली घालून डोकं उलटं करतो, म्हणजे वरची चोच खाली येते. जाड जीभ पंपासारखी मागे-पुढे होते, पाणी आत घेते आणि चोचीच्या कडेच्या गाळणीतून बाहेर टाकते. शेवाळ आणि बारीक जीव आत राहतात. पंखांचा रंगही त्यातूनच येतो. आमच्यासमोर काही राखाडी-तपकिरी पिल्लं होती, मोठ्यांच्या बरोबरीची उंची झालेली; रंग चढायला त्यांना अजून काही वर्षं लागतील. एक पिल्लू तुडवत तुडवत आमच्याच दिशेने सरकत राहिलं. शेवटी ते इतकं जवळ आलं की झूम मागे घ्यावी लागली. चोचीवरून निथळणारं पाणी आणि डोळा, दोन्ही एका चौकटीत मिळाले. नाव पाण्याला लागून असते, त्यामुळे पक्ष्याच्या डोळ्यांच्या पातळीवरून फोटो येतो. काठावरून तो मिळत नाही. पांढरा रंग फुटू नये म्हणून उजेड पाऊण स्टॉप कमी ठेवला, आणि तिवई काढलीच नाही, कारण नावेचा हेलकावा तिच्यातून सरळ कॅमेऱ्यात येतो.

परतीच्या वाटेवर जाळ्याच्या एका खांबावर कैकर, म्हणजे मासे पकडणारा शिकारी पक्षी, बसला होता, पायाखाली मासा. आम्ही बघत असताना तो मासा घेऊन उठला, माशाचं तोंड उडण्याच्या दिशेला वळवून घेतलं आणि आमच्या डोक्यावरून गेला. मला एकही फोटो धड मिळाला नाही, एक शेपटी तेवढी आलीय. मावशीला दुर्बिणीतून सगळं दिसलं, आणि ती ते दिवसभर सांगत होती, मी शेजारीच बसलेली असून.

नऊ वाजून गेले तशा इंजिनवाल्या नावा यायला लागल्या आणि आम्ही काठाकडे वळलो. तसंही पाण्यावर ऊन तापलं की लांबचे पक्षी लेन्समधून थरथरताना दिसतात, फोटो कितीही महागड्या लेन्सने काढा, मऊच येतो. साहेब काठावर उभे होते, दुसऱ्या नावेची वाट बघत. कालचे फोटो हवे असतील तर नंबर द्या, म्हणाले. मावशीने आमच्या दोघींच्या वतीने नको म्हणून सांगितलं.

मार्चमध्ये पाणी आणखी उतरलं की पुन्हा जायचं ठरलंय. आख्ख्या नावेचे पैसे दर वेळी मावशीने द्यावेत हे काही बरोबर नाही. आम्ही दोघी आहोत, चार जागा रिकाम्या आहेत.