बडोद्याहून भाडभूत: पाल्याच्या वाटेने

बडोद्यातल्या मराठी माणसाची नर्मदा बहुधा गरुडेश्वर किंवा नारेश्वरला संपते. टेंबे स्वामींची समाधी, रंग अवधूत महाराजांचं स्थान, घाटावर स्नान, आणि परत. परिक्रमावासी तेवढे विमलेश्वरहून होडीने मिठीतलाईला जाताना सागराला मिळणारी नर्मदा बघतात. या खालच्या नर्मदेवर, तिथल्या पाला नावाच्या माशावर जगणाऱ्यांचं काय चाललंय ते बघायचं, तर भरूचच्या पुढे भाडभूतला जायला हवं.

बडोदा ते भरूच रेल्वेने साधारण सत्तर किलोमीटर, तासाभराचा प्रवास. तिथून रस्त्याने पश्चिमेला, दहेजच्या अंगाला. निघण्याआधी पंचांग बघा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला होड्या हलतात, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर सर्वांत कमी, असतो तेव्हा किनारा थंड. कोकणातला भरतीची वेळ काढायचा ‘तिथीची पाऊणपट’ हा हिशेब मात्र इथे लावू नका. खंभातच्या आखातात भरती मुंबईपेक्षा बरीच उशिरा पोहोचते आणि आत शिरते ती जोरात. ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलात उतरू नये. निवट्या, म्हणजे चिखलातले छोटे मासे, पकडणारे तिथे सहज फिरतात, पण त्यांना पाय कुठे रुततो ते ठाऊक असतं.

मी गेलो ते पावसाळ्यात, पाल्याच्या हंगामात. बंगाल्यांचा हिल्सा तोच आपला पाला. इथे मादीला चाकसी म्हणतात. मासा समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला गोड्या पाण्यात चढतो. त्याला नुसतं पाणी पुरत नाही. समुद्रापर्यंत पोहोचणारा गढूळ पूर लागतो, वर जायला खोली लागते, अंडी तरंगत राहायला वाहता प्रवाह लागतो. पिल्लं काही महिने नदीत वाढून मग खाली उतरतात. यातली एक कडी तुटली की दोन-तीन वर्षांनी जाळं रिकामं येतं.

काठावर जाळं वाळत होतं. चार बोटं आत जातील एवढा आस, म्हणजे जाळ्याचं भोक, वरच्या दोरीला तरंगणाऱ्या बोयरी, खालच्या दोरीला वजनं. हे जाळं प्रवाहाला आडवं सोडून होडीसकट वाहू देतात. मासा डोकं घालतो आणि कल्ल्यांशी अडकतो. आस मोठा असला की लहान मासा निसटतो. पण मोठा मासा मिळेनासा झाला की काही जण बारीक आसाची जाळी टाकतात, त्यात पिल्लं जातात, आणि पुढचा हंगाम आणखी पडतो. हा दोष मच्छीमारांच्या पदरी नक्की आहे. पण पाला कमी होण्याची सुरुवात तिथून झालेली नाही.

सुरुवात १९७९ च्या नर्मदा पाणी तंटा लवादाच्या निवाड्यात आहे. राज्यांत वाटायला पाणी धरलं २८ दशलक्ष एकर-फूट (एकरभर जमिनीवर फूटभर उभं पाणी म्हणजे एक एकर-फूट). मध्य प्रदेशला १८.२५, गुजरातला ९, राजस्थानला ०.५, महाराष्ट्राला ०.२५. बेरीज करा: बरोबर २८. सरदार सरोवर धरणाखालच्या नदीच्या नावावर काहीच नाही. धरणातून निघणाऱ्या मुख्य कालव्याची क्षमता मुखाशी ४०,००० क्युसेक (सेकंदाला घनफूट), आणि खाली नदीत सोडायचं किमान पाणी ठरलं ६०० क्युसेक, म्हणजे सेकंदाला सुमारे १७ हजार लिटर. तक्रारींनंतर हा आकडा वाढवला गेला, तरी कालव्यापुढे तो चिमूटभरच.

बाकीचं पाणी खाली येतं ते नदीपात्रातलं १,२०० मेगावॅटचं वीजघर चालेल तेव्हा. त्यातही गरुडेश्वरचा बंधारा मध्ये आहे. तिथे अडवलेलं पाणी उलट पंप करून परत धरणात चढवायची सोय आहे. २०१७ मध्ये धरणाचे दरवाजे बंद होऊन पूर्ण उंची, १३८.६८ मीटर, वापरात आली. नदीचा रेटा कमी पडला की खारं पाणी भरूचपर्यंत चढतं, काठच्या बोअरचं पाणी बिघडतं. आणि सप्टेंबर २०२३ सारखा एकाच दणक्यात सोडलेला पूर घरं बुडवतो. पाल्याला हवा तसा महिनाभर चालणारा प्रवाह तो नव्हे.

आता भाडभूतलाच बॅरेज, म्हणजे दरवाज्यांचा बंधारा. ऑक्टोबर २०१७ मध्ये पायाभरणी झाली. खारं पाणी खाली अडवायचं, वर गोडं साठवायचं, माथ्यावरून रस्ता न्यायचा. शेतकऱ्याला आणि शहरांना याची गरज आहे, हे मी नाकारत नाही. पण ज्या मुखातून पाला आत येतो तिथेच दरवाजे बसणार. गंगेवर १९७५ मध्ये फरक्का बॅरेज सुरू झालं आणि त्याच्या वरच्या भागातला हिल्सा जवळजवळ गेला. तिथे माशांसाठी वाट ठेवलेली असूनही. मच्छीमार राष्ट्रीय हरित लवादाकडे गेले ते याच भीतीने.

हक्काचा कागद हाही वादाचाच भाग. नोंदणी होडीमालकाच्या नावे असते. खलाशी, जाळं विणणारे, टोपली घेऊन बाजारात बसणाऱ्या बाया, यांच्या नावावर काहीच नसतं. भरपाईची यादी कागदावरून झाली तर ही माणसं बाहेर राहतात. नर्मदेच्याच तवा उपनदीवर विस्थापितांच्या तवा मत्स्य संघाला १९९६ पासून दहा वर्षं जलाशयात मासेमारीचा लेखी हक्क होता. सहकारी संस्थेच्या नावे हक्क देता येतो, हे त्यावरून दिसतं. पण जलाशयात पाणी असतं. भाडभूतच्या मच्छीमाराला कागदाबरोबर पाणीही लिहून द्यावं लागेल: जुलै ते सप्टेंबर रोज किती क्युसेक, आणि दरवाजे कोणत्या भरतीला उघडे.