निकालात खालच्या ओळीतलं नाव

मंगळवार, रात्र

आज राज्य नाट्य स्पर्धेच्या रत्नागिरी केंद्राचा निकाल लागला. आमचा संघ दुसरा आला, म्हणजे अंतिम फेरी हुकली. नेपथ्याचं, म्हणजे रंगमंचावरच्या देखाव्याचं, पहिलं पारितोषिक मात्र आमच्या सुतारकाकांना मिळालं. संध्याकाळपासून फोन थांबलेला नाही. प्रत्येक जण आधी विचारतो, "दुसरे? थोडक्यात गेलं रे!" आणि नेपथ्याचं सांगितलं की "हां, तेही छान" म्हणून पुढच्या विषयाला लागतो. ते 'तेही' मनाला फार लागलं, म्हणून लिहायला बसलो.

आमचं नाटक एका जुन्या घराच्या वाटणीचं. सगळं माजघरात घडतं. चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची, भिंत हवी होती, आणि तीही ओल चढलेली. काकांनी लाकडी चौकटींवर गोणपाट ताणलं. त्यावर भुसा आणि डिंकाचा लगदा थापला, तो वाळल्यावर गेरू आणि काजळी फिरवली. चिऱ्याला बारीक भोकं असतात, ती त्यांनी खिळ्याच्या डोक्याने एकेक करून उठवली. खालून दोन हात उंचीपर्यंत हिरवट काळपट रंग दिला. म्हणाले, "पावसाळ्यात ओल इथवरच येते. ह्याच्या वर नेलीस तर घर पडीक वाटेल. आपल्या घरात अजून माणसं राहतायत." कुठल्याही दिग्दर्शकाने नाटक एवढं बारीक वाचलेलं मी पाहिलेलं नाही.

शिवाय हे सगळं टेम्पोत मावायला हवं, स्पर्धेच्या दिवशी दुपारी सावरकर नाट्यगृहात उभं राहायला हवं आणि प्रयोग संपला की लगेच उतरवायला हवं, कारण दुसऱ्या दिवशी दुसऱ्या संघाचा सेट लागणार असतो. काकांनी भिंतीचे तुकडे केले ते चिऱ्यांच्या सांध्यांवरच. जोड कुठे आहे ते पहिल्या रांगेतूनही कळलं नाही. पडदा उघडला आणि संवाद सुरू होण्याआधीच प्रेक्षागृहात कुजबुज झाली. मी प्रकाशयोजनेच्या बाजूला बसलो होतो. त्या भिंतीवर आडवा उजेड टाकला की प्रत्येक भोकाची सावली पडत होती. अशी भिंत समोर असली की दिवे लावणाऱ्याचं अर्धं काम झालेलं असतं.

आपल्याकडे कोकणात दशावतारी नाटकात एक बाकडं ठेवलं की सिंहासन झालं, दरबार झाला, रथही झाला. ती परंपरा मला प्राणाहून प्रिय आहे. तिथे सगळा भार नटाच्या वाणीवर आणि अंगावर असतो. पण घराच्या वाटणीचं नाटक बाकड्यावर होत नाही. त्यात भिंत हेही एक पात्र असतं, आणि ते उभं करणारा माणूस नटाइतकाच मोठा कलावंत असतो.

या स्पर्धेने साठी ओलांडली. आमच्यासारख्या हौशी माणसांना तिच्यामुळे बांधलेलं नाट्यगृह, खरी प्रकाशयोजना आणि तिकीट काढून येणारा प्रेक्षक मिळतो. दिग्दर्शन आणि अभिनयाच्या जोडीने नेपथ्य, प्रकाशयोजना, रंगभूषा यांनाही वेगळी पारितोषिकं ठेवणं ही तिची सगळ्यात मोलाची गोष्ट, असं माझं ठाम मत आहे. भातं कापून झाली की आमच्या तालमी सुरू होतात. कुणी दिवसभर आंब्याला फवारणी करून येतो, कुणी एसटीची ड्युटी संपवून. आमची नायिका अंगणवाडीत आहे, तिला अभिनयाचं गुणवत्ता प्रमाणपत्र मिळालं. तालमीवरून तिला घरी पोचवायला रोज रात्री तिची सासू बॅटरी घेऊन यायची, बाहेर पायरीवर बसून राहायची. त्या माऊलीचं नाव कुठल्याच यादीत येणार नाही.

निकालाची बातमी काकांना वाचून दाखवायला गेलो. ते पाटाला रंधा मारत होते. वरचा नंबर ऐकून त्यांनी मान हलवली. त्यांचं नाव आलं तेव्हा हात थांबला.
"पुन्हा वाच."
पुन्हा वाचलं. मग त्यांनी हात पुसले, कागद स्वतः घेतला आणि बोट ठेवून वाचला. काकूंना हाक मारली, "अगो, इकडे ये. छापलंय." आजवर गावातले किती चौकट-दरवाजे त्यांनी केले, पण त्यावर नाव घालायची रीत नाही.

माघात देवीच्या उत्सवात हेच नाटक गावात करायचं ठरतंय. फलक मी लिहिणार आहे. लेखक, दिग्दर्शक आणि नेपथ्यकार ही तिन्ही नावं एकाच मापात येतील. मंडळाच्या बैठकीत हे मांडणार, आणि कुणी नको म्हटलं तर भांडणार. भिंतीचे ते तुकडे शाळेच्या पडवीत ठेवलेत. उंदीर गोणपाट कुरतडतात, तेव्हा उद्या सकाळीच ते माळ्यावर चढवायला दोघं-तिघं लागतील. आता त्यांनाच फोन करतो.