आमची वाटचाल : लाल पट्ट्याचा बुश

सदाशिव पेठेतल्या एका खोलीत आम्ही दोघा भागीदारांनी भोसरी-चाकणच्या वर्कशॉपसाठी उत्पादन-नोंदीचे सॉफ्टवेअर लिहायला घेतले. पुढची काही वर्षे सुरळीत गेली. मग एके सकाळी भोसरीचे आमचे सर्वांत जुने ग्राहक लाल पट्टा मारलेला एक बुश (यंत्रात बसणारी छोटी नळी) घेऊन आले आणि तो माझ्या टेबलावर ठेवून म्हणाले, "हा रिजेक्टचा माल तुमच्या सॉफ्टवेअरने काढलेल्या चलनावर पार्टीकडे पोहोचला."

चूक आमचीच होती. सी प्लस प्लस या प्रोग्रामिंग भाषेतल्या त्या जुन्या कोडमध्ये तपासणीचा निकाल आणि डिस्पॅचची स्थिती, दोन्ही फंक्शनला (एक ठरावीक काम करणाऱ्या कोडच्या तुकड्याला) साधे इंट, म्हणजे नुसता पूर्णांक, म्हणून दिले जात. निकालातला 'नापास' म्हणजे २ आणि डिस्पॅचमधला 'मंजूर' म्हणजेही २. एका ठिकाणी त्यांची अदलाबदल झाली, पण साधा इनम (नावे दिलेल्या ठरावीक स्थितींची यादी) मुकाट्याने इंट होत असल्यामुळे कंपायलरने, म्हणजे कोड तपासून यंत्राच्या भाषेत बदलणाऱ्या प्रोग्रॅमने, चकार शब्द काढला नाही.

या एका चुकीचे भांडवल करून एका मोठ्या स्पर्धकाने आमचे निम्मे ग्राहक नेले. आमच्या कोडची एक ओळही न पाहता त्यांनी तो टाकाऊ ठरवला, ही सल आजही जात नाही. पगारासाठी भागीदारांनी मुदत ठेव मोडली. भोसरीचे ग्राहक मात्र "दुरुस्त करा, मी थांबतो," एवढेच म्हणाले आणि देखभालीचा चेक आगाऊ देऊन गेले.

सगळे नव्याने लिहिण्याऐवजी आम्ही सी प्लस प्लसच्या २०११ च्या मानकात आलेला इनम क्लास, म्हणजे आपोआप इंट न होणारा इनम, घेऊन एकेक मॉड्यूल बदलले. पहिल्याच बिल्डला, म्हणजे कोड कंपायलरमधून काढताना, एररची लांबलचक यादी आली; भागीदार तिची प्रिंट काढून, दुरुस्त झालेली ओळ पेन्सिलीने खोडत रात्री उशिरापर्यंत बसत.

हे काम करणाऱ्यांना माझे आग्रहाचे सांगणे आहे की, जागोजागी स्टॅटिक कास्ट (एका प्रकाराचे दुसऱ्या प्रकारात सक्तीने रूपांतर) घालून कंपायलरला गप्प करू नका. कास्ट आकडा तपासत नाही. डेटाबेसमधून भलताच ७ आला तरी तो इनममध्ये शिरतो. आकड्याचा इनम करणारे फंक्शन एकच ठेवा आणि अनोळखी आकडा तिथेच अडवा. स्विचमधला (प्रत्येक स्थितीला काय करायचे ते सांगणाऱ्या कोडमधला) डिफॉल्ट, म्हणजे 'बाकी सगळ्यांसाठी' असलेला पर्याय, काढा आणि वॉर्निंगला एरर माना, म्हणजे नवी स्थिती जिथे हाताळायची राहिली असेल तिथे बिल्ड अडेल.

पुढे भोसरीच्या ग्राहकांनी 'फेरतपासणी' ही नवी स्थिती मागितली, तेव्हा कंपायलरने एकोणीस जागा दाखवल्या. त्यांतली एक जागा त्याच डिस्पॅचच्या फंक्शनमधली होती.