पिवळी गप्पी अपडेट: अखेर चोर सापडला

माझ्या फिशटँकमधली पिवळी गप्पी मादी आठवत असेल, तीच जी खाऊनपिऊन पाठीतून बारीक होत चालली होती. मेट्रो (मेट्रोनिडाझोल) झालं, प्राझी (प्राझिक्वांटेल, जंताचं औषध) झालं, फरक काहीच नाही. अमोनिया-नायट्राइट शून्य, टेम्परेचर २६ला स्थिर, त्यामुळे पाण्यालाही दोष देता येईना. काल मात्र बाईसाहेब ॲनुबियासच्या पानावर निवांत टेकल्या होत्या, मोबाइलचा टॉर्च खालून तिरका मारला आणि दिसलं! व्हेंटमधून (गुदद्वारातून) तीन लाल टोकं बाहेर, केसाएवढी बारीक, पिवळी जरा हलली की गपकन आत. कॅमालॅनस, माशांच्या आतड्यातला जंत. शिव्या घातल्या, पण खरं सांगू, आनंदही झाला.

प्राझी का लागू पडलं नाही तेही उघड झालं, ते टेपवर्म आणि फ्लूक अशा चपट्या जंतांवर चालतं, हा राउंडवर्म म्हणजे गोल जंत, रक्त पितो म्हणून लाल.

आधी वाटलं पिवळीला हॉस्पिटल टँकमध्ये हलवावं, पण या किड्याच्या माद्या थेट जिवंत अळ्या सोडतात आणि टँकमध्ये सायक्लॉप्स (अळ्या वाहून नेणारे पाण्यातले बारीक जीव) नसले तरी माशातून माशात पसरतात, मग एकटीला काढून काय उपयोग, सगळा टँकच ट्रीट केला. औषधांपैकी फेनबेंडाझोल बाद, कारण माझे नेराइट्स, या गोगलगायींना ते बाधतं.

राहिलं लेव्हामिसोल. त्या 'सर्व रोगांवर एकच' निळ्या बाटल्यांवर माझा काडीचा विश्वास नाही, आत काय आहे, किती टक्के आहे, काही लिहिलेलंच नसतं. गुरांच्या जंताचं ७.५ टक्केवालं घेतलं. लेबल मात्र वाचाच, काहींत सोबत ऑक्सिक्लोझानाइड हे दुसरं जंतनाशक असतं, ते नको. १ मिलीत ७५ मिलिग्रॅम, डोस लिटरला २ मिलिग्रॅम, वाळू-दगड वजा जाता माझं पाणी ७५ लिटर, म्हणजे बरोब्बर २ मिली. एवढंसं बघून अजून चार थेंब टाकायला हात शिवशिवतो, टाकू नका. फिल्टरमधला कार्बन काढला (तो औषध शोषतो), लाइट बंद, वर चादर, हे औषध उजेडात खराब होतं.

२४ तासांनी चादर काढली तर वाळूवर लाल धागे पडलेले, एक अजून हळूहळू वळवळतोय! यात किडे मरतातच असं नाही, लुळे पडतात आणि मासा त्यांना बाहेर टाकतो, म्हणून लगेच सायफन आणि मोठा वॉटर चेंज. पण बारीक वाळूत सायफन म्हणजे निव्वळ वैताग, निम्मी वाळू बादलीत. हे लिहितालिहिताच ठरवलं, वाळूच काढून टाकतो, तीन आठवड्यांनी दुसरा डोस होईपर्यंत बेअर बॉटम. नवीन नर आणायचे होते, तेही तोवर लांबणीवर.

पिवळीने आज आर्टेमिया (बारीक कोळंबीसारखं खाद्य) खाल्ला, थुंकला नाही! नेराइट्स ठणठणीत.

अरे हो, याच टँकच्या फिल्टरचा स्पंज पिल्लांच्या टँकमध्ये चालू आहे, म्हणजे तिथेही डोस आला. २० लिटरला ०.५३ मिली, त्याला इन्सुलिनची सिरिंजच लागणार.