फ्रेशर घ्यायचा का? आधी हातात बोअर गेज द्या

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या आमच्या मशीन शॉपला इन्स्पेक्शनसाठी, म्हणजे तयार भाग मोजून तपासायला, माणूस हवा होता. मालकांचं म्हणणं, फ्रेशर नको. आपण शिकवायचं आणि त्यानं पुण्याकडच्या चाकणच्या कारखान्यांत पळायचं. मी म्हटलं, तोंडी मुलाखत राहू दे, टेबलावर जॉब, म्हणजे मशीनवर कापलेला भाग, ठेवूया.

जॉब साधा. बिडाचं हाउसिंग, त्याचा बोअर, म्हणजे आतलं गोल भोक, ५० एच७; म्हणजे व्यास ५०.००० ते ५०.०२५ मिमी चालतो. शेजारी व्हर्नियर आणि भोकाचा व्यास बारीक मोजणारं, काट्याचं डायल बोअर गेज. बऱ्याच जणांनी व्हर्नियरच उचललं. त्याचा लीस्ट काउंट, म्हणजे मोजता येणारं लहानात लहान माप, ०.०२ मिमी आणि टॉलरन्स, म्हणजे चालणारा फरक, सगळा २५ मायक्रॉनचा (०.०२५ मिमी). तिथं व्हर्नियर काय सांगणार? एका मुरलेल्या ऑपरेटरनं गेज घेतलं, झटक्यात ५०.०२८ सांगितलं आणि जॉब रिजेक्टच्या तांबड्या ट्रेत ठेवला. हात सफाईदार होता, आकडाही बरोबर.

मग मेकॅनिकलची एक पोरगी आली, नुकतीच पास झालेली. गेज बोअरमध्ये डोलवायचं आणि काटा जिथून माघारी फिरतो तो आकडा घ्यायचा, हेही दाखवावं लागलं. पण आकडा लिहिण्याआधी तिनं जॉबवर तळहात ठेवला. "सर, हा गरम आहे. निवू दे का जरा?"

जॉब मशीनवरून नुकताच उतरवला होता. बिडाचा एवढा बोअर २० अंशांनी तापला, की साधारण १० मायक्रॉन मोठा होतो. निवल्यावर तिचा जॉब ५०.०१८ आला. तांबड्या ट्रेतलाही पास झाला.

तिला घेतलं. पण म्हणून फ्रेशरला रात्रपाळीत सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर, एकटं सोडू नये. बोअर ०.०२ लहान आला तर ऑफसेटलाही (मशीनमध्ये भरायची हत्याराची दुरुस्ती) ०.०२च द्यायचं, कारण आमच्या लेथवर एक्स अक्षाचा आकडा त्रिज्येत नाही, व्यासात धरलाय. नवखा त्याचं निम्मं करतो, नाहीतर पॉइंट चुकवून ०.२ देतो. लहान बोअर परत कापता येतो; मोठा झाला की भंगार.

खर्चाचं म्हणाल, तर पदवीधर अप्रेंटिस वर्षभर घेता येतो आणि किमान विद्यावेतनाचा निम्मा वाटा केंद्र सरकार देतं. करार मात्र सरकारच्या अप्रेंटिस पोर्टलवर नोंदवलेला हवा. कारखान्यात ३० किंवा जास्त माणसं असतील तर अप्रेंटिस घेणं तसंही बंधनकारक आहे. पळणारा मुरलेला असला तरी पळतोच.

सध्या मोजमाप ती करते, रिपोर्टवर सही सीनियरची.