स्केचबुक नंतर, आधी इस्त्री

‘ताई, कॉस्च्युम डिझाइनमध्ये यायचंय, कोर्स कुठला करू?’ बारावीचे निकाल लागले की असे फोन सुरू होतात. निफ्ट आहे, फॅशन शिकवणारी राष्ट्रीय संस्था. दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय आहे, तिथे तीन वर्षांत रंगमंचाचं डिझाइन शिकता येतं. जमलं तर जरूर जा. मी गेले नाही. मी इचलकरंजीची, घरात यंत्रमाग. काउंट, पिक, सायझिंग हे सूत-मागाचे शब्द बाराखडीच्या आधी कानावर पडलेले. कापड चिमटीत धरलं की सुती की मिक्स ते कळायचं, आणि खरं सांगायचं तर त्या चिमटीवरच आजवर पोट भरतंय.

फोनवर पुढचं नाव हमखास भानू अथय्यांचं येतं. त्या आमच्या कोल्हापूरच्या, त्यामुळे मलाही अभिमान आहेच. १९८३ साली ‘गांधी’ चित्रपटासाठी जॉन मोलो यांच्याबरोबर त्यांना वेशभूषेचं ऑस्कर मिळालं, भारतातलं पहिलं. पण त्या मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या चित्रकार होत्या आणि आधी बायकांच्या मासिकात फॅशनची चित्रं काढायच्या, हे कुणी विचारत नाही. मी मुलांना तो चित्रपट आवाज बंद करून बघायला सांगते. दक्षिण आफ्रिकेतला सुटाबुटातला बॅरिस्टर आणि शेवटचा पंचा नेसलेला म्हातारा, यांच्या मधले टप्पे मोजा म्हणावं. कपडे कमी कमी होत जातात आणि माणूस मोठा होत जातो. वेशभूषा म्हणजे ते मधले टप्पे. छान साडी निवडणं हा त्यातला अगदी छोटा भाग.

संहिता हातात आली की मी चित्र काढत नाही, तक्ता आखते. प्रसंग, कथेतला दिवस, पात्र, अंगावर काय, डाग कुठे. शूटिंग कधीच क्रमाने होत नाही. मारामारी सोमवारी आणि त्याच्या आधीचं जेवण पुढच्या गुरुवारी. बाही दुमडली होती का, वरचं बटण उघडं होतं का, याचे फोटो प्रत्येक टेकनंतर काढावे लागतात. गोळी लागणाऱ्या शर्टाच्या तीन-चार प्रती तरी हव्याच, कारण पहिला टेक कधीच ओके होत नसतो. हे सगळं मला सेटवरच्या ड्रेसदादांनी, म्हणजे कपडे सांभाळणाऱ्या माणसांनी, शिकवलं. ज्यांना त्यांच्याशी अदबीनं बोलता येत नाही त्यांनी या धंद्यात येऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

माझा आवडता भाग म्हणजे नवे कपडे जुने करणं. दुकानातून आणलेलं धोतर कॅमेऱ्यासमोर दुकानातलंच दिसतं. मग चहाच्या पाण्यात बुडवा, उन्हात वाळवा, पॉलिश पेपरने घासा. ओल्या कोटाच्या खिशात दगड घालून टांगून ठेवला की खिसे वर्षानुवर्षं वापरल्यासारखे लोंबतात. पण कुठे घासायचं, हे माणसाच्या कामावरून ठरतं. कारकुनाची बाही टेबलावर टेकते तिथे विरते, शेतकऱ्याचं धोतर गुडघ्याशी, शाळामास्तरांच्या कोटाला खडूचा हात लागलेला असतो. सगळीकडे सारखंच घासलं तर कपडा जुना दिसत नाही, फक्त खराब दिसतो. आणि शंभर वर्षांपूर्वीच्या कथेत नऊवारीला फॉल आणि चोळीला गाठीऐवजी मागे हुक दिसले की मला पुढचा सिनेमा दिसेनासा होतो. (घरचे आता माझ्याबरोबर थेटरात येत नाहीत.)

नाटकाचं गणित निराळं. तिथे जवळून बघणारा कॅमेरा नाही, पण अंबर, म्हणजे पिवळसर-नारिंगी, प्रकाशात सुंदर निळं पातळ मातकट दिसू शकतं, म्हणून कापड घेण्याआधी प्रकाशयोजनाकाराकडे जाऊन बसायचं. अंधार होतो त्या अर्ध्या मिनिटात बाईंना नऊवारीतून पांढऱ्या पातळात आणायचं असेल तर नऊवारी शिवलेलीच हवी. वेलक्रो लावू नका, शांत प्रसंगात ‘चर्र’ आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो, टिचबटणं लावा. दौऱ्यावर दुपारी एक गाव, रात्री दुसरं. घामेजलेला अंगरखा बसमध्ये कुठे वाळवायचा, याचं उत्तर कुठल्याही पुस्तकात नाही. म्हणून मी प्रत्येकाला आधी नाटकाच्या कपडेपटात राबायला सांगते. इस्त्री करा, उसवलेलं शिवा, प्रयोग विंगेतून बघा. आपण केलेला कपडा नटाला कुठे काचतो, ते तिथेच दिसतं.

पैशांचं थोडक्यात. सुरुवातीला सहायक म्हणून जे मिळतं त्यात मुंबईत भाडं भागत नाही, हे घरी आधीच सांगून ठेवा. कापडाची उचल आणि आपलं मानधन हे दोन वेगळे हिशेब, कागदावर वेगळेच लिहून घ्या. एका निर्मात्याने माझं मानधन ‘कापडाच्या बिलातच धरलंय’ असं सांगितलं होतं. तेव्हापासून मुंबईच्या मंगलदास कापड मार्केटची प्रत्येक पावती मी फोटो काढून त्याच दिवशी पाठवते.

सध्या एका ऐतिहासिक नाटकासाठी मला सहायक हवाय. स्केचबुक आणलंत तर बघेन. येताना घरातला सगळ्यात जुना, रोज वापरलेला एक कपडा मात्र आणा, आणि तो कुठे कुठे विरलाय आणि का, ते मला सांगा.